नकाशावरचा पडीक सडा

सज्जनगडाचा फाटा मागे पडतो, ठोसेघर येतं, आणि तिथून चढत गेलेला रस्ता चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, येऊन एकदम मोकळा होतो. गणपतीच्या आधीचे दिवस होते. धुकं इतकं दाट की पवनचक्की आधी ऐकू आली, मग दिसली. एक लांबलचक पातं धुक्यातून खाली यायचं, क्षणभर दिसायचं आणि वर नाहीसं व्हायचं. पायाखाली जांभा. त्याच्या खळग्यांत साठलेलं वीतभर पाणी आणि पाण्याच्या कडेनं सीतेची आसवं, गेंदाची पांढरी डोकी, मधूनच सोनकीचा पिवळा पट्टा. दहा पावलांवर सिमेंटचा चौथरा, कुंपण आणि ट्रान्सफॉर्मर.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘जागा’ हा विषय सुचवला तेव्हा मला हे ठिकाण आठवलं. महाराष्ट्रात पवनऊर्जा ज्या मोजक्या ठिकाणी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभी राहिली, त्यांत साताऱ्याचे हे सडे आहेत. चाळकेवाडी आहे, आणि पाटण तालुक्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवडे आहे. गावात पवनचक्कीला सरळ ‘पंखा’ म्हणतात. हे शेकडो पंखे नेमके इथेच कुणाच्या सांगण्यावरून उभे राहिले, आणि हाच निर्णय आज करायचा झाला तर तो कसा होईल, हे समजून घ्यायला मी निघालो.

वाऱ्याचा हिशोब

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे: इथे वारा आहे. जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडतो. वर चढताना त्याला कमी जागेतून जावं लागतं, त्यामुळे त्याचा वेग वाढतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असलेल्या या सपाट माथ्यांवर तो अडवायला झाड नाही, टेकडी नाही. वर्षभरातली निम्म्याहून जास्त वीज पावसाळ्याच्या चार महिन्यांत तयार होते.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वारा मिळाला तर वेग सहाव्या हिश्श्यानं वाढतो, पण शक्ती जवळजवळ ५९ टक्क्यांनी. याची दुसरी बाजू अशी की वेगाच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक झाली तर विजेच्या अंदाजात ती तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. म्हणून जागा निवडणारा माणूस आधी वाऱ्याच्या मागे धावतो. मनोरा उभारायचा, वेगवेगळ्या उंचीवर वेगमापक आणि दिशादर्शक बसवायचे आणि निदान एक पूर्ण वर्ष नोंदी घ्यायच्या. मग जवळच्या हवामान केंद्राच्या अनेक वर्षांच्या नोंदींशी त्या ताडून पाहायच्या, कारण मोजलेलं वर्ष चांगलं होतं की वाईट, हे एरवी कळत नाही.

डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेनं १९८७मध्ये तयार केलेली ‘वास्प’ ही संगणकप्रणाली एका मनोऱ्याच्या नोंदींवरून आजूबाजूच्या वाऱ्याचा अंदाज बांधते. पण ती मुळात सौम्य चढउतारांच्या प्रदेशासाठी घडलेली आहे. कड्याच्या अगदी टोकाशी वारा जमीन सोडून वर उसळतो आणि मागे भोवरे तयार होतात. तिथे पंखा उभा केला तर वेग भरपूर मिळतो, पण पाती आणि गिअर लवकर झिजतात. म्हणून चाळकेवाडीतही पंखे कड्यापासून आत सरकलेले दिसतात. शिवाय एका पंख्यामागे वारा मंदावतो आणि ढवळला जातो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेत दोन पंख्यांमध्ये पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर ठेवण्याचा प्रघात आहे.

थरावर थर

वाऱ्याच्या पुढचे प्रश्न मात्र एका मनोऱ्यानं सुटत नाहीत. रस्ता कुठून येणार? वीजवाहिनी किती लांब? उतार किती? गाव, जंगल, विमानतळ, पाणथळ जागा कुठे? हे सगळं एकदम पाहण्याची रीत इयान मॅकहार्ग या भूदृश्य रचनाकारानं १९६९मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकातून लोकांसमोर ठेवली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून महामार्ग न्यायचा होता. मॅकहार्गनं प्रत्येक मूल्यासाठी एक पारदर्शक नकाशा केला: जंगल, पाणी, ऐतिहासिक वास्तू, वस्ती. जिथे नुकसान जास्त तिथे गडद छटा. सगळे पारदर्शक कागद एकावर एक ठेवले आणि जिथून सर्वांत जास्त उजेड आला तिथून रस्ता न्यावा असं सुचवलं. त्याच दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन हे काम संगणकावर आणत होता. आजच्या भौगोलिक माहितीप्रणालीचं, म्हणजे जीआयएसचं, मूळ तिथे आहे.

आता हे थर कुणालाही घरी बसून लावता येतात. पुण्यात एका अभ्यासक मित्राच्या शेजारी बसून मी ते पाहिलं. क्यूजीआयएस ही प्रणाली फुकट मिळते. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठानं जागतिक बँकेच्या मदतीनं केलेला जागतिक पवननकाशा २५० मीटरच्या चौकटींत उपलब्ध आहे. उंची आणि उतार उपग्रहाच्या ३० मीटरच्या नोंदींवरून, जमिनीचा वापर इस्रोच्या ‘भुवन’वरून. मित्रानं एकेक थर चालू केला. आधी वगळायच्या जागा: अभयारण्यं, जलाशय, फार तीव्र उतार, गावठाणं आणि त्यांच्याभोवतीचा पट्टा. केंद्राच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आवाजाच्या त्रासामुळे राहत्या घरापासून ५०० मीटर अंतर ठेवायचं असतं. तेवढा पट्टा काढल्यावर सातारा तालुक्याचा बराच भाग काळा झाला. उरलेल्या प्रत्येक चौकटीला मग गुण: वाऱ्यासाठी १ ते ५, रस्त्याच्या अंतरासाठी १ ते ५, वाहिनीसाठी, उतारासाठी. शेवटी गुणांची बेरीज, आणि पडद्यावर लाल ते हिरवा असा तयार नकाशा. चाळकेवाडीचा सडा गर्द हिरवा आला.

तो हिरवा रंग बघताना मला बरं वाटलं नाही. हिरव्याचा अर्थ इथे ‘योग्य’ असा होता, आणि सड्यावर पाहिलेलं काहीच त्या रंगात नव्हतं.

कोण किती पट महत्त्वाचं?

गुणांची बेरीज करताना सगळे निकष सारखे धरता येत नाहीत. कुणाला किती वजन द्यायचं, यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत थॉमस साटी या गणितज्ञाची आहे. अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यात काम करताना त्यानं पाहिलं होतं की मोठमोठे तज्ज्ञ आणि वकील एकत्र बसूनही कशाला किती महत्त्व द्यायचं हे नीट मांडू शकत नाहीत. त्यातून सत्तरच्या दशकात त्यानं एक साधी युक्ती काढली. अभ्यासक तिला एएचपी म्हणतात. दहा गोष्टींना एकदम क्रम लावायला सांगू नका. दोन-दोन गोष्टी समोर ठेवा आणि विचारा, ही तिच्यापेक्षा किती पट महत्त्वाची? १ म्हणजे सारखी, ९ म्हणजे अत्यंत वरचढ.

समजा निकष तीनच आहेत: वारा, उतार आणि वाहिनीचं अंतर. तज्ज्ञ म्हणतो, वारा उताराच्या ३ पट महत्त्वाचा, वाहिनीच्या ५ पट. आणि उतार वाहिनीच्या २ पट. या उत्तरांचं गणित केलं की वाऱ्याला सुमारे ६५ टक्के, उताराला २३ आणि वाहिनीला १२ टक्के वजन मिळतं. तज्ज्ञाच्या उत्तरांत विसंगती किती आहे, तेही ही पद्धत सांगते. वारा उताराच्या ३ पट आणि उतार वाहिनीच्या २ पट असेल तर वारा वाहिनीच्या ६ पट हवा. तो ५ म्हणाला, हे चालतं. उलटं काही म्हणाला असता तर विसंगतीचा आकडा ०.१च्या वर गेला असता आणि त्याला पुन्हा विचारावं लागलं असतं.

मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण ती निर्णय घेणाऱ्याला आपल्या मनातलं माप कागदावर लिहायला लावते. पण ती फक्त सुसंगती तपासते. न्याय तपासत नाही. वारा हा जैवविविधतेच्या ९ पट महत्त्वाचा असं कुणी शेवटपर्यंत सुसंगतपणे म्हणत राहिलं, तर गणित मान डोलावतं.

आणि फरक किती थोड्यानं पडतो, पाहा. एक सडा, वाऱ्याला ५ गुण. तिथे पंखा उभारला तर जैवविविधतेचं नुकसान मोठं, म्हणून त्या निकषावर १ गुण. एक माळरानालगतचं शेत, दोन्हींत ४. वाऱ्याला ८० आणि जैवविविधतेला २० टक्के वजन दिलं तर सड्याचे ४.२ आणि शेताचे ४.० गुण होतात, म्हणजे सडा जिंकतो. वजन ७० आणि ३० केलं तर सड्याचे ३.८ उरतात, शेताचे ४.० तसेच राहतात. जमीन तीच, वारा तोच. दहा टक्के इकडचे तिकडे केले आणि पंखे दुसऱ्या तालुक्यात गेले. हे दहा टक्के कोणत्या खोलीत, कुणाच्या उपस्थितीत ठरले, हे अहवालाच्या पानांवर क्वचितच सापडतं.

बेरजेत आणखी एक खोट आहे. तिच्यात एकीकडचं कमी दुसरीकडच्या जास्तीनं भरून निघतं. वारा जोरदार असेल तर दुर्मीळ वनस्पतीचा सर्वांत कमी गुणही झाकला जातो. ज्या गोष्टी परत मिळत नाहीत त्या बेरजेत घालूच नयेत. त्या आधीच्या, वगळण्याच्या थरात हव्यात. पण वगळायच्या थरात जाण्यासाठी आधी त्या कुणाच्या तरी नकाशावर असाव्या लागतात.

पडीक, पोटखराब

चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेनं १०० मीटर उंचीवरची देशाची पवनक्षमता काढली तेव्हा ती ३०२ गिगावॅट भरली. त्या हिशोबात जमिनीचे तीन वर्ग होते. पडीक जमिनीचा ८० टक्के भाग पवनचक्क्यांसाठी उपलब्ध धरला, लागवडीयोग्य जमिनीचा ३० टक्के, जंगलाचा ५ टक्के. देशपातळीवरचा अंदाज बांधायला असं काहीतरी गृहीत धरावं लागतं, हे मला कळतं. पण या वर्गवारीत सडा कुठे जातो? उपग्रहाला तिथे झाड दिसत नाही, पीक दिसत नाही. उन्हाळ्यात तो उघडा खडक असतो. तो पडीकमध्ये जातो, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर्गात.

सातबाराही वेगळं सांगत नाही. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती ‘पोटखराब’, ही महसुलाची जुनी रीत. सड्यावरचा कातळ तिथे पोटखराब लागतो. कंपन्यांचे लोक सुरुवातीच्या वर्षांत गावात आले तेव्हा एकरी जो भाव सांगितला गेला तो याच नोंदीच्या आधारे. सड्याच्या कडेला गुरं घेऊन बसलेले एक आजोबा मला म्हणाले, “जमीन खराब हाय आसं कागदात हुतं, आमी कधी म्हनलं नव्हतं.” पावसाळ्यात त्यांच्या वाडीची गुरं इथेच चरतात. सड्यावर मुरलेलं पाणी खालच्या झऱ्यांना फेब्रुवारीपर्यंत पुरतं.

याच पोटखराबीवर वनस्पतिशास्त्रज्ञांना काय सापडत आलं आहे, ते आता जगाला माहीत आहे. शेजारचं कासचं पठार २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या सड्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं की हातभर खोल खळगा, कातळाची भेग, दोन बोटं मातीचा थर अशा प्रत्येक ठिकाणी निराळी वनस्पतिसृष्टी असते. यातल्या कित्येक वनस्पती वर्षातून काही आठवडेच जमिनीवर दिसतात. २५० मीटरच्या चौकटीला हातभर खळगा दिसणं शक्य नाही.

२०१६ साली चाळकेवाडीच्याच सड्यावरून एका सरड्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. नाव ‘सरडा सुपर्बा’. उन्हाळ्यात याचा नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो. हे वर्णन प्रसिद्ध झालं तोवर पवनचक्क्या उभ्या राहून दीड दशक झालं होतं. जागा निवडली गेली तेव्हा या प्राण्याला शास्त्रात स्वतंत्र नावही नव्हतं, मग थर कुठून असणार?

घारी कमी, सरडे जास्त

याच सरड्यामुळे चाळकेवाडी जगभरच्या परिसरशास्त्रज्ञांना माहीत झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी सड्यावरच्या पंख्यांच्या भागाची आणि शेजारच्या पंखे नसलेल्या भागाची तुलना केली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कापशी घार, तिसा अशा शिकारी पक्ष्यांची संख्या पंखे नसलेल्या भागात जवळजवळ चौपट आढळली. शिकारी कमी झाल्यामुळे पंख्यांखाली सरडे वाढले होते. ते माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, अंगानं मात्र ते अशक्त होते, कारण खाणारी तोंडं वाढली होती. नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके होते. पवनचक्की तिथे अन्नसाखळीच्या टोकावरच्या शिकाऱ्याची जागा घेत होती.

पात्याला धडकून मेलेले पक्षी मोजणं हा या प्रश्नाचा फक्त वरचा थर आहे. पक्षी तो भाग टाळू लागतात आणि त्याचा परिणाम जमिनीवरच्या सरड्याच्या रंगापर्यंत पोचतो, हे इथे दिसलं. आणि तरीही जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पांना २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेतून सूट आहे. वनजमीन लागली तर वनखात्याची परवानगी लागते, एरवी जनसुनावणी नाही, आघात अहवाल नाही. म्हणजे जागेची निवड हाच खरा दरवाजा. तो चुकला तर पुढे दुसरा दरवाजा नाही.

कड्यावर चढणारा रस्ता

नकाशावर पंखा हा ठिपका असतो. जमिनीवर तो रस्ता असतो. मनोऱ्याचे तुकडे, शंभर टनी क्रेन आणि एका तुकड्यात येणारं पातं वर न्यायचं, तर घाटाची वळणं रुंद करावी लागतात, सड्यावर कातळ फोडून सपाट मार्ग काढावा लागतो. सड्यावर पावसाचं पाणी चादरीसारखं पसरून वाहतं. मध्ये भराव आला की एका बाजूला पाणी तुंबतं, दुसऱ्या बाजूचे खळगे कोरडे पडतात.

भीमाशंकरच्या परिसरातल्या पवनप्रकल्पात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११च्या अहवालात त्याची नोंद केली आहे: जंगलातून काढलेले रुंद रस्ते, तीव्र कापणीमुळे घसरणारे डोंगर, खालच्या ओढ्यांत गेलेला राडारोडा. याच समितीनं पश्चिम घाटाचे सुमारे ९ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले, प्रत्येकाला उंची, उतार, वनस्पती, स्थानिक प्रजाती यांवरून गुण दिले आणि संवेदनशीलतेचे तीन विभाग केले. रीत तीच, थर आणि गुण. फक्त प्रश्न उलटा होता: कुठे बांधता येईल, याऐवजी कुठे हात लावू नये. अहवालावर राज्यभर वादळ उठलं आणि तो बाजूला पडला. पण निदान ग्रामसभांनी तो मराठीत वाचावा आणि विभागांच्या सीमा सुचवाव्यात, ही समितीची अपेक्षा होती. कोणत्याही विकासकाच्या नकाशाबाबत अशी अपेक्षा मी अजून ऐकलेली नाही.

लोकांशी न बोलल्याचे परिणाम वेगळ्या रूपात दिसतात. दोन हजारच्या दशकातल्या दुष्काळात पंखे ढग पळवून लावतात असा समज या भागात पसरला होता. शास्त्रीय आधार त्याला नाही. पण ज्यांच्या डोक्यावर हे पंखे फिरू लागले त्यांना ते काय करतात हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. धुळ्याच्या साक्री तालुक्यात वनजमीन पवनचक्क्यांना दिली गेली तेव्हा तिथे कसणाऱ्या आदिवासींनी दीर्घ लढा दिला.

उंची वाढली, नकाशा बदलला

पंचवीस वर्षांपूर्वी सडे निवडले गेले त्याला एक ठोस कारण होतं. तेव्हाचे पंखे जमिनीपासून साधारण पन्नास मीटरवर होते, क्षमता काहीशे किलोवॅट. एवढ्या उंचीवर पुरेसा वारा डोंगरमाथ्यांवरच मिळायचा. शिवाय पवनचक्कीवर केलेल्या खर्चावर पहिल्याच वर्षी भरघोस घसारा मिळत असल्यामुळे लवकर आणि सोयीच्या ठिकाणी उभारणं फायद्याचं होतं.

आज ३ मेगावॅटचा पंखा १४० मीटरवर बसतो. सपाट प्रदेशात ५० मीटरवरून १४० मीटरवर गेलं तर वाऱ्याचा वेग ढोबळ नियमानं १६ टक्के वाढतो, शक्ती ५५ टक्के. याचा देशाच्या हिशोबावर झालेला परिणाम पाहिला की डोळे विस्फारतात. ५० मीटरवर देशाची क्षमता ४९ गिगावॅट धरली जात होती. १५० मीटरवर ती ११६४ गिगावॅट झाली. महाराष्ट्राची १०० मीटरवर ४५ गिगावॅट होती, १५० मीटरवर १७४ आहे. ही वाढ डोंगरमाथ्यांतून आलेली नाही. ती धाराशिव, बीड, सोलापूर, सांगलीच्या पूर्वेकडच्या सपाट, उघड्या मुलखातून आली आहे.

मला या लेखातून काही सांगायचं असेल तर ते हेच. सडा किंवा वीज, असा पेच आता राहिलेला नाही. वाऱ्याचं वजन थोडं कमी करून दुर्मीळ जागा वगळल्या तरी महाराष्ट्राला हवी तेवढी पवनऊर्जा मिळू शकते, आणि कोळशाऐवजी ती मिळायलाच हवी. शेतात उभा राहिलेला पंखा चौथरा आणि रस्त्यापुरती जमीन घेतो, बाकीची ज्वारी-तूर तशीच उभी राहते.

पण मैदानी मुलखातही काही जागा रिकाम्या नाहीत. माळरानं लांडग्याची, माळढोकाची, तणमोराची आहेत. पक्ष्यांसाठी आता साधनं आहेत: बर्डलाइफ या पक्षिसंवर्धन संस्थेनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) साथीनं २०२२मध्ये भारतासाठी आणलेला ‘अॅव्हिस्टेप’ हा संवेदनशीलतेचा नकाशा कुणालाही पाहता येतो. माणसांसाठी तसा थर नाही. एका गटात अनेक वारस, तोंडी वाटण्या, करार वाचून न दाखवता घेतलेल्या सह्या, आणि पैसा आला की जमणारे मध्यस्थ. डिसेंबर २०२४मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. सीआयडीच्या आरोपपत्रानुसार तिचं मूळ पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत आहे. वाहिनीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशावर गावातली ही ओढाताण कधीच येत नाही, आणि जागा ‘योग्य’ ठरल्यावर तिचा भार गावावर पडतो.

जुने पंखे उतरतील तेव्हा

साताऱ्यातल्या पहिल्या पिढीच्या पंख्यांचं ठरवलेलं आयुष्य सुमारे वीस वर्षांचं होतं. ते संपलं आहे किंवा संपत आलं आहे. केंद्रानं डिसेंबर २०२३मध्ये जुन्या पंख्यांच्या जागी नवे, मोठे बसवण्याचं सुधारित धोरण आणलं. डझनभर जुन्या पंख्यांचं काम दोन-तीन नवे करू शकतात, त्यामुळे सड्यावरचे बरेच चौथरे मोकळे होऊ शकतील. पण सत्तर मीटरच्या पात्यासाठी घाटाची वळणं पुन्हा फोडावी लागतील आणि नवा चौथरा जुन्यापेक्षा कितीतरी मोठा असेल. कोणते पंखे बदलायचे, कोणते नुसते उतरवायचे, उतरवलेल्या जागेवरचा भराव काढून पाणी पूर्वीसारखं वाहू द्यायचं की नाही, हा निर्णय म्हणजे जागेची दुसऱ्यांदा निवड आहे. ती करताना मोजायला आता सरडा आहे, तिसा आहे, खळग्यांतल्या वनस्पतींच्या याद्या आहेत, आणि खालच्या वाड्यांना कोणता झरा कधी आटतो हे माहीत असलेली माणसं आहेत.

सड्याचं सर्वेक्षण एका फेरीत उरकता येत नाही. सरडे एप्रिल-मे महिन्यांत मोजावे लागतात, खळग्यांतल्या वनस्पती जुलै ते सप्टेंबरमध्ये, स्थलांतर करणारे शिकारी पक्षी हिवाळ्यात, झरे फेब्रुवारीनंतर. म्हणजे पूर्ण वर्ष हवं, जेवढं वाऱ्याच्या मनोऱ्याला बिनतक्रार दिलं जातं तेवढंच. ते वर्ष निविदेच्या आधी यावं आणि त्यातून निघालेली वजनं चाळकेवाडीच्या ग्रामसभेत आकड्यांसह फळ्यावर लिहिली जावीत.